प्रॉक्झिमाचा पाहुणा आणि धणे-गूळ

माझ्या एका कथेत प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्याकडून एक पाहुणा साताऱ्याला येतो. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यांत जवळचा तारा हाच. जवळचा म्हणजे सव्वाचार प्रकाशवर्षांवरचा, आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ आज ज्या वेगानं चाललंय, त्या वेगानं हे अंतर कापायला पंचाहत्तर हजार वर्षं लागतील. माझा पाहुणा तीन दिवसांत येतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री चंद्र माथ्यावर आलेला असताना तो टिपूर चांदण्यात यवतेश्वरच्या पठारावर यान उतरवतो, पायी गावात येतो, राजवाड्यावरून पाच मिनिटांत पोवई नाक्याला पोचतो आणि एका घराची कडी वाजवतो. घरातल्या आजी त्याला आत घेतात, पाटावर बसवतात आणि प्रसादाचे धणे-गूळ हातावर ठेवतात. ते खाल्ल्याबरोबर त्याला मराठी बोलता येऊ लागतं.

कथा छापून तीन वर्षं झाली. तिच्याबद्दल आजवर सोळा जणांनी कळवलं. त्यांतल्या नऊ जणांचं म्हणणं असं, की धणे-गूळ धनत्रयोदशीला. लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या आणि बत्तासे. चौघांच्या मते राजवाडा ते पोवई नाका पाच मिनिटांत शक्य नाही. या चौघांतले एक निवृत्त सर्व्हेअर आहेत. त्यांनी हातानं नकाशा काढून पाठवला, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण दाखवून. दोघींनी विचारलं, की आजींनी 'कोण आहे?' असं न विचारता रात्रीचं दार कसं उघडलं, हल्ली काय काय ऐकू येतं. उरलेल्या एका गृहस्थांचा निरोप चुकून आला होता. त्यांना गॅसचा नंबर लावायचा होता.

सव्वाचार प्रकाशवर्षं तीन दिवसांत कशी कापली, हे कोणीही विचारलं नाही. प्रकाशापेक्षा वेगानं काही जाऊ शकत नाही असं आइनस्टाइननं १९०५ सालीच बजावून ठेवलेलं असल्यामुळे मी त्यावरचं उत्तर तयार ठेवलं होतं. दीड पानांचं आहे. अवकाशाला घडी कशी पडते आणि त्या घडीच्या दोन टोकांवर प्रॉक्झिमा आणि यवतेश्वर कसे येतात, हे आकृतीसह दाखवलं आहे. ते उत्तर टेबलाच्या खणात तसंच पडून आहे. लाह्यांवर मात्र मी नऊ वेळा दिलगिरी व्यक्त केली.

तक्रार करायची म्हणून हे लिहीत नाही. तक्रार करायला समोर कोणी तरी लागतं, आणि मी स्वतंत्र लेखक आहे. माझा लेखक मी, प्रकाशक मी, वितरक मी, आणि रिक्षातून गठ्ठे उतरवणाराही मीच. रागवायचं झालं तर फिरून माझ्याचकडे यावं लागतं.

'स्वतंत्र' या शब्दाचाही मला बराच त्रास झाला. इंग्रजीत अशा लेखकाला एक सुटसुटीत, थोडं ऐटबाज विशेषण आहे. मराठीत 'मी स्वतंत्र विज्ञानकथालेखक आहे' असं म्हटलं, की ग्रंथपाल विचारतात, "स्वतंत्र ना? अनुवादित नाही ना?" नात्यातल्या बायका विचारतात, "कधीपासून? आई कुणाकडे असते मग?" आमच्याकडे स्वतंत्र म्हणजे एक तर भाषांतर न केलेला किंवा वेगळं बिऱ्हाड केलेला. नळ स्वतंत्र असतो, मीटर स्वतंत्र असतं, जिना स्वतंत्र असतो. लेखक स्वतंत्र असू शकतो, हे माझ्या आत्याला पटलेलं नाही. ती ओळख करून देताना "हा लिहितो, पण अजून कोणी ठेवून घेतलं नाही" असं सांगते. वस्तुस्थितीच्या दृष्टीनं त्यात खोट काढता येत नाही.

कोणी ठेवून घ्यावं म्हणून प्रयत्न केलेच नाहीत असं नाही. एका प्रकाशकांनी सांगितलं, की विज्ञानकथा चालत नाहीत. दुसऱ्यांनी सांगितलं, की कथासंग्रह चालत नाहीत. तिसऱ्यांनी हस्तलिखित हातावर तोललं आणि विचारलं, "ऐतिहासिक कादंबरी नाही का?" मी नाही म्हणालो. त्यांनी थोडा विचार करून तडजोड सुचवली, की यान शिवकालात उतरवता येईल का. पाहुणा गनिमाकडचा निघाला तरी चालेल म्हणाले.

हा प्रकार मराठीत कालपरवा आला असता तर मी समजून घेतलं असतं. ज्यूल व्हर्नची चंद्रावर जायची कादंबरी १९०० साली 'केरळ कोकिळ' मासिकातून मराठीत येऊ लागली होती. म्हणजे विमान उडायच्या आधी मराठी वाचक चंद्राच्या वाटेला लागला होता. नाथमाधव, भा. रा. भागवत, नारायण धारप, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, अरुण साधू, इतकी माणसं या वाटेनं गेली. तरीही दर दिवाळीला कोणी ना कोणी माझं पुस्तक चाळून म्हणतंच, "हा काहीतरी नवीन प्रकार दिसतोय."

नारळीकरांचं नाव वरच्या यादीत मुद्दाम घेतलं नाही, कारण ते मला घ्यावंच लागत नाही. समोरचा घेतो. "विज्ञानकथा लिहिता? म्हणजे नारळीकरांसारख्या?" या प्रश्नाला उत्तर नाही. 'हो' म्हटलं तर उद्धटपणा, 'नाही' म्हटलं तर "मग कशाला लिहिता?" १९७४ साली नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं त्यांनी उलटी लावली होती. परीक्षकांनी नाव पाहून झुकू नये हा हेतू. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून उतरवून घेतली होती. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

हे वाचून मीही एका स्पर्धेच्या वेळी बायकोला म्हटलं, की कथा तू उतरवून दे. ती म्हणाली, "अहो, तुमचं अक्षर ओळखतंय कोण?" मग मी कथा माझ्याच अक्षरात, माझ्याच नावानं पाठवली. नारळीकरांना टोपणनाव घेऊन जी गुप्तता मिळाली, ती मला खऱ्या नावावर मिळाली. ग्रंथकारांचं पहिलं संमेलन पुण्यात १८७८ साली भरलं. विज्ञानकथा लिहिणारे नारळीकर अध्यक्ष झाले ते २०२१ साली, नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या संमेलनात. एकशे त्रेचाळीस वर्षं लागली. माझ्यासाठी घाई नाही.

तर पुस्तक स्वतःच छापलं. अकरा कथा, पाचशे प्रती, किंमत दोनशे रुपये. मजकूर एकशे सत्तेचाळीस पानं भरला. छापखान्यातल्या माणसानं सांगितलं, की फॉर्म सोळा पानांचा असतो, तेव्हा एक तर एकशे चव्वेचाळीस करा नाही तर एकशे साठ. तीन पानं कापायची तर कुठल्या कथेची? त्याला त्याचं काही नव्हतं. तो म्हणाला, "एखादा ग्रह कमी करा." मी एकशे साठ केली आणि मागे 'टिपणे' असं वर छापून तेरा पानं कोरी सोडली. आमच्या गल्लीतल्या एका घरी त्या तेरा पानांवर दुधाचा हिशेब लिहिलेला मी स्वतः पाहिला आहे. जुलैपर्यंत आला आहे. पुस्तकाचा इतका नियमित उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

अक्षरजुळणीचा प्रकार जरा सविस्तर सांगितला पाहिजे. मजकूर मी युनिकोडमध्ये दिला. डीटीपी करणाऱ्या मुलानं तो त्याच्या जुन्या फाँटमध्ये नेला, कारण त्याच्या कॉम्प्युटरला तोच झेपत होता. छापील पुस्तक झालं. मग ई-पुस्तकासाठी तोच मजकूर परत युनिकोडमध्ये आणला. या येण्याजाण्यात रफार एक घर पुढे सरकला. सगळ्या पुस्तकात 'सूर्य' होता तिथे 'सूयर्' झाला. 'वर्ष'चं 'वषर्', 'अर्थ'चा 'अथर्', 'मार्ग'चा 'मागर्'. 'दुसऱ्या'मधला र तर कुठे गेला ते कळलंच नाही. त्या जागी एक आडवी रेघ राहिली.

हे ई-पुस्तक न्यू जर्सीला असलेल्या माझ्या मावसभावानं विकत घेतलं आणि रात्री अडीच वाजता, म्हणजे आपल्या रात्री अडीचला, फोन केला. मराठी सुटत चाललंय म्हणून तो आवर्जून वाचतो. तो म्हणाला, "अरे, सूयर् हा दूरचा तारा काय कल्पिला आहेस! सूयर्मालेतला तिसरा ग्रह, म्हणजे हुबेहूब आपल्यासारखीच दुसरी मालिका, आणि तिथली माणसं आपल्यासारखीच वागतात, हे तू कुठेही न सांगता पोचवलंस." आणि भाषा! सूयर्, वषर्, अथर्, मागर्. टोल्किननं आपल्या लोकांसाठी स्वतंत्र भाषा घडवल्या, तशी तू घडवलीस, आणि व्याकरणाचा नियमसुद्धा लक्षात येतो म्हणाला, शेवटी र् येतो. आजवर माझ्या पुस्तकावर आलेला एवढाच एक संपूर्ण अनुकूल अभिप्राय आहे. चूक दुरुस्त करायला मी त्या मुलाकडे गेलो होतो. वाटेतून परत आलो.

आता कायद्याचं. आयएसबीएन हा तेरा आकडी क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि फुकट मिळतो, हे मी कृतज्ञतेनं नोंदवतो. १९५४ चा एक कायदा मात्र मला माहीत नव्हता. पुस्तक प्रकाशित झालं, की प्रकाशकानं तीस दिवसांत स्वखर्चानं एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या एकेका ग्रंथालयालाही एकेक. नाही पाठवली तर पन्नास रुपयांपर्यंत दंड, अधिक पुस्तकाच्या किमतीएवढी रक्कम. म्हणजे माझ्या बाबतीत अडीचशे रुपये. मी हिशेब करून पाहिला: कायदा पाळण्यात आणि मोडण्यात फारसा फरक पडत नव्हता. पाळला. चेन्नईत माझा पाहुणा कपाटात उभा आहे, ही कल्पना मला बरी वाटते. शिवाय या चारही ग्रंथालयांनी धणे-गुळाबद्दल अक्षर काढलेलं नाही. तेव्हा पुस्तकांसाठी स्वस्तातली नोंदणीकृत बुकपोस्टाची सोय होती. २०२४ च्या डिसेंबरात ती गेली, आणि आता दूरच्या वाचकाला एक प्रत पाठवायची तर आधी त्याच्याबद्दल मनात किती माया आहे ते तपासावं लागतं.

पुस्तकाच्या दुकानात दुसरा प्रश्न निघाला, ठेवायचं कुठे. 'कथा' या फळीवर जागा नव्हती. 'विज्ञान' या फळीवर होती. तिथे ते दहावीच्या गाईडशेजारी राहिलं. दोन प्रती खपल्या. त्यांतली एक परत आली. मुलाला त्यात प्रकरण सापडलं नाही असं त्याच्या आईचं म्हणणं होतं. मी विचारलं, कथा वाचली का त्यानं? त्या म्हणाल्या, "परीक्षा झाल्यावर वाचेल म्हणाला, पण आता परत केलं ना." दुकानदारानं मग ते बालविभागात हलवलं. माझ्या पुस्तकात एक खून, एक घटस्फोट आणि पृथ्वीचा दोनदा अंत आहे. पण मुखपृष्ठावर यान आहे. यान म्हणजे मुलांचं.

पात्रांच्या आडनावांबद्दल थोडक्यात उरकतो. शास्त्रज्ञाला जोशी केलं तेव्हा विचारणा झाली, की तुमच्याकडे शास्त्रज्ञ जोशीच का असतात. पाटील केलं तेव्हा विचारलं, कुठले पाटील. मग 'डॉ. अ' एवढंच ठेवलं. आता विचारतात, अ म्हणजे कोण, आपल्यातला का? त्याच कथेत यंत्रमानवाला नाव दिलेलं नाही, नुसता क्रमांक आहे, आणि तो डॉ. अ यांच्या मुलीशी लग्न करतो. त्याबद्दल विचारणा नाही.

विज्ञानकथेत निदान विज्ञान सांभाळलं की झालं, असं मी समजत होतो. मग बदल म्हणून दोन अद्भुतकथा लिहिल्या. अद्भुतात काय, मनाला येईल ते. हा माझा आयुष्यातला सर्वांत मोठा गैरसमज होता. भौतिकशास्त्राचे नियम आमच्या वाचकाला चालवून घेता येतात, भुतांचे येत नाहीत.

पहिली कथा एका मुंज्याची. रस्तारुंदीकरणात त्याचा पिंपळ जातो. तो भूसंपादनाच्या कचेरीत अर्ज करतो. चार वर्षं फाइल फिरते, सुनावण्या होतात, मुंज्याला वयाचा दाखला मागतात, मुंज झाल्याचा पुरावा मागतात, आणि शेवटी त्याला पुनर्वसनात दुसऱ्या तालुक्यातलं एक वडाचं झाड मंजूर होतं. तो तिथे जाऊन बसतो. त्याला झोप येत नाही. संपली कथा. मला ही कथा आवडते. धरणाखाली गाव गेलेली माणसं आमच्या जिल्ह्यात कमी नाहीत, आणि दिलेली जमीन आणि गेलेली जमीन यांतला फरक सांगायला मला यापेक्षा जवळची वाट सापडली नव्हती.

बारा जणांनी कळवलं: मुंजा पिंपळावर असतो. वडावर नसतो.

मी पहिल्या तिघांना लिहिलं, की होय, कथा त्याबद्दलच आहे. त्यांतल्या एकानं उत्तर दिलं, "मग आधी चौकशी करायला हवी होती." कोणी करायला हवी होती, मी की भूसंपादन अधिकाऱ्यानं, हे त्यात स्पष्ट नव्हतं. एका कोकणी आजोबांनी फोन करून अर्धा तास पूर्ण व्यवस्थाच समजावून सांगितली. गिऱ्हा पाण्याजवळ, खवीस वेगळा, देवचार वेशीवर आणि तो बहुधा राखणारा, त्याला भूत म्हणायचं नाही, त्याला राग येतो. ब्रह्मराक्षस शिकलेला असतो, त्याच्याशी वाद घालू नये. या सगळ्यांच्या हद्दी ठरलेल्या आहेत आणि कोणी कोणाच्या हद्दीत जात नाही. इतका नीटनेटका कारभार मी आमच्या नगरपालिकेच्या हद्दीत पाहिलेला नाही. फोन ठेवताना आजोबा म्हणाले, "लिहा, लिहा, पण माहितीनं लिहा."

दुसऱ्या कथेत वेताळाची स्वारी निघते. मी ती पौर्णिमेला काढली होती, कारण मला मशालींवर चांदणं हवं होतं. त्यावर पाच पत्रं आली: वेताळ अमावास्येला निघतो. एकांनी पंचांगाचं पान जोडलं होतं. मी चूक मान्य केली. तिथीच्या बाबतीत आपला वाचक फार जागरूक आहे, असं त्या दिवशी डायरीत लिहून ठेवलेलं आहे.

दिवाळी अंकांतही मी अधूनमधून असतो. 'मनोरंजन'नं १९०९ साली दिवाळी अंकाची रीत पाडली तेव्हापासून मराठी लेखकाला ऑक्टोबरचा फटाका मे महिन्यात लावावा लागतो. एका अंकाला मी कालचक्रावरची कथा दिली. नायक भूतकाळात जातो, स्वतःच्या आजोबांना भेटतो, आणि शेवटच्या परिच्छेदात असं निघतं, की ते आजोबा तो स्वतःच आहे. अंक हातात आला तेव्हा शेवटचा परिच्छेद नव्हता. त्या जागी एका पतसंस्थेची जाहिरात होती, ठेवींवर आकर्षक व्याज, शुभ दीपावली. संपादक म्हणाले, "जाहिरात उशिरा आली, आणि कथा तशीही संपलीच होती." कथेत नायक आजोबांच्या दारात उभा आणि दार उघडतं, पुढे पतसंस्था. तीन वाचकांनी शेवट खुला ठेवल्याबद्दल अभिनंदन केलं. एकानं विचारलं, की आजोबांची ठेव तिथेच होती, असं सुचवायचं आहे का.

त्या कथेच्या पुढच्याच पानापासून वार्षिक राशिभविष्य सुरू होत होतं. आता, नारळीकरांनी पुण्यात सत्तावीस ज्योतिषांची चाचणी घेतली होती. कुंडली पाहून हुशार मूल कोणतं आणि मतिमंद कोणतं, एवढंच सांगायचं. बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी शेहेचाळीस टक्के आलं. नाणं उडवलं असतं तर पन्नास आलं असतं. हा निष्कर्ष २००९ साली विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला आहे. तरीही माझी कथा त्या अंकात पाच पानं होती आणि भविष्य बावीस. मी रागावलो नाही. माझी रास पाहिली. 'लेखकांना प्रसिद्धीचे योग, मात्र हितशत्रूंपासून सावध' असं होतं. त्यांतलं अर्धं खरं झालं, म्हणजे मीही पन्नास टक्क्यांवर आलो.

घरच्यांना वाटतं, मी प्रयत्न करत नाही. मेहुण्यांनी कुठेतरी अँडी वीअरबद्दल वाचलं. त्यानं 'द मार्शन' ही कादंबरी स्वतःच्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून फुकट टाकली, मग वाचकांच्या आग्रहावरून नव्व्याण्णव सेंटला विकायला ठेवली, आणि २०१५ साली तिच्यावर सिनेमा आला. मेहुणे दर भाऊबीजेला हे सांगतात. "त्याचा माणूस मंगळावर बटाटे लावतो," ते म्हणतात, "तुझा धणे-गूळ खातो. इथे फरक पडतो." मग ओवाळणी होते. मागच्या भाऊबीजेला त्यांनी विचारलं, की प्रती किती उरल्या. मी म्हटलं, तीनशे बारा. ते म्हणाले, "म्हणजे गेल्या किती?" एकशे अठ्ठ्याऐंशी. त्यांनी डोक्यात काही आकडेमोड केली आणि सुपारी कातरायला घेतली.

उरलेल्या प्रती दिवाणाखाली आहेत. त्यामुळे घरात कोणी मुक्कामाला आलं, की गाद्या काढताना आधी मला हलवतात, मग पुस्तकं. एका वाचनालयानं मध्यंतरी सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि कुंडीतलं तुळशीचं रोप. परिचय करून देणाऱ्या सरांनी सांगितलं, की हे गेली कित्येक प्रकाशवर्षं लिहीत आहेत. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नाही, हे मी सभेत बोललो नाही. सरांनी दोन प्रती विकत घेतल्या होत्या.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो.

गेल्या लक्ष्मीपूजनाला रात्री साडेनऊच्या सुमाराला आमच्या गच्चीवरच्या आकाशकंदिलाचा बल्ब गेला. नवा बल्ब घेऊन मी वर गेलो आणि पत्र्याच्या बादलीला अडखळून पडलो, कारण बादली दिसली नाही. शेजारच्या पणत्या विझल्या होत्या. फटाक्यांचा एक झोत आला तेवढ्यापुरती गच्ची दिसली आणि परत गेली. मी बादलीशेजारी बसून होतो. गुडघा दुखत होता. वर पाहिलं. तारे होते, भरपूर होते. बाकी काही नव्हतं. असायला नकोच होतं. तसाच खाली आलो, पुस्तक काढलं आणि पान सदतीस उघडलं.

लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला असतं. अमावास्येला चंद्र नसतो. माझ्या कथेत तो माथ्यावर आहे, आणि पुढच्या पानावर त्याच्या उजेडात रस्त्यावरची खडी चकाकते. एकशे अठ्ठ्याऐंशी प्रती गेल्या, सोळा निरोप आले. त्यांत धनत्रयोदशीच्या प्रसादात आणि लक्ष्मीपूजनाच्या प्रसादात फरक करणारे नऊ जण होते, आणि वेताळाची अमावास्या चुकली म्हणून पत्र लिहिणाऱ्या पाचांपैकी दोघे याच सोळांत आहेत. चंद्राबद्दल कोणी बोललं नाही. सर्व्हेअरांच्या नकाशात तर तो काढलेला आहे, वरच्या कोपऱ्यात, उत्तरेच्या बाणाशेजारी.

ज्यांच्याकडे पहिली आवृत्ती आहे त्यांनी पान ३७, ओळ ११ वरचं 'चंद्र माथ्यावर आला होता, टिपूर चांदणं पडलं होतं' हे पेनानं खोडून तिथे 'अंधार होता' असं लिहावं. पान ३८ वरची खडी चकाकते ती सगळीच खोडावी. पाहुण्याला चालायला बॅटरी द्यावी. ती त्याच्याकडे यानात असणारच. धणे-गुळाचं मी दुसऱ्या आवृत्तीत बघतो.